सुकतीपासून सड्यापर्यंत

कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायला तिथी पुरते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. अमावास्या पंधरावी, म्हणून लक्ष्मीपूजनाच्या दिवशी भरती सव्वाअकराच्या सुमाराला. भाऊबीज द्वितीयेची, म्हणून त्या दिवशी ती दुपारी दीडला. त्याच्या सहा तास आधी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. अमावास्येनंतरचे हे एक-दोन दिवस उधाणाचे असतात आणि उधाणात पाणी जितकं वर चढतं तितकंच खोल उतरतंही. म्हणजे भाऊबीजेला सकाळी साडेसातच्या सुमाराला, निम्मं शहर अजून अंथरुणात असताना, रत्नागिरीच्या भाट्ये खाडीतला एरवी पाण्याखाली राहणारा चिखल उघडा पडलेला असतो. दिवाळीच्या सुट्टीत फिरायला निघायचं तर याच वेळी निघावं.

सुट्टीत रत्नागिरीला आलेल्या पाहुण्यांना काय दाखवायचं याची यादी ठरलेली आहे. टिळकांचं जन्मस्थान, पतितपावन मंदिर, थिबा राजवाडा, रत्नदुर्गावरची भगवती, झाडगावचं मत्स्यालय आणि एक दिवस गणपतीपुळे. यादी चांगलीच आहे. पण याच शहराच्या हद्दीत आणि वेशीवर एक दुसरी रत्नागिरी आहे, तिला तिकीट नाही, कमान नाही, वेळापत्रक असलंच तर ते चंद्राचं. मुंबईला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, १९९४ साली कचराभूमीवर उभं राहिलेलं माहीमचं निसर्ग उद्यान आहे, २०१५ पासून ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य आहे. रत्नागिरी शहराला घोषित असं काही नाही. तरीही खाली खाडी आणि वर सडा, अशा दोन पायऱ्यांवर इथे जे जगतं आहे ते पाहिल्यावर अभयारण्य आणखी वेगळं काय असतं, असा प्रश्न पडतो.

खाडी म्हणजे काजळी नदीचं मुख. सह्याद्रीतून निघून साखरपा, चांदेराई करत नदी इथे समुद्राला मिळते. एका काठाला राजिवड्याची मच्छीमार वस्ती, पलीकडे भाट्ये, मध्ये पावसकडे जाणारा पूल. पुलावर थांबून नुसतं खाली पाहिलं तरी अर्धा तास सहज जातो. पण चिखलाच्या कडेला उतरून स्थिर बसावं. माणूस आला की पहिली दोन मिनिटं चिखल रिकामा वाटतो. मग बिळाबिळातून हालचाल सुरू होते.

आधी खेकडे येतात, नखाएवढे. नराची एक नांगी इवलीशी आणि दुसरी जवळजवळ अंगाएवढी. लहान नांगीने तो चिखल उचलून तोंडात घालतो, त्यातलं शेवाळ नि सेंद्रिय कण गाळून घेतो आणि उरलेल्या मातीची गोळी बाजूला ठेवतो. मोठी नांगी खाण्याच्या कामाची नाही. ती वर-खाली हलवून मादीला बोलवायचं आणि शेजारच्या नराला दटावायचं, एवढंच तिचं काम. शेकडो खेकडे एकदम नांग्या हलवू लागले की सगळा काठ हलल्याचा भास होतो. त्यांच्यामधून निवट्या सरपटतात. निवटी हा मासा खरा, पण सुकतीचा वेळ तो पाण्याबाहेर काढतो. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी साठवतो, ओल्या कातडीतून हवा घेतो आणि छातीच्या परांवर रेलून चालतो. मध्येच एखादा शेपटीच्या जोरावर वीतभर उंच उडी मारतो.

या चिखलावर हक्क सांगायला पक्षी येतात, आणि कुणाचा हक्क किती खोल ते चोचीवरून ठरतं. चिखल्याची चोच आखूड, तो पृष्ठभागावरचं टिपतो. तुतवार शेपूट हलवत पाण्याची रेघ धरून चालतो. कोरलची चोच लांब, खाली वाकलेली. ती बिळात पार आतपर्यंत जाते. एकाच चिखलावर तिघे शेजारी शेजारी जेवतात आणि भांडण क्वचित. समुद्र बगळा, काळसर राखी अंगाचा, एकटा उथळ पाण्यात उभा असतो. पुलाच्या तारेवरून कवड्या खंड्या हवेत एका जागी फडफडत थांबतो आणि सरळ खाली सूर मारतो.

माणसंही हक्कदार आहेत. मोठ्या सुकतीला मुळे नि कालवं काढायला बायका उतरतात. गुडघाभर चिखलात कमरेत वाकून, पायाने चाचपत, हाताने वेचत त्या तासन् तास काम करतात. "आज सुकती मोठी, उद्या आणि मोठी," असं एक मावशी वर न बघताच म्हणाली. खाडीचं कुठलं पाणी कधी गढूळ झालं, कुठे मुळे मिळेनासे झाले, हे या बायकांना कुठल्याही अहवालाच्या आधी कळतं. खाडीबद्दल काही ठरवायचं असेल तर पहिलं त्यांना विचारायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

काठाने कर्ल्याच्या बाजूला पाहत गेलं की कांदळवन लागतं. जवळून पाहिलं तर यातली झाडं वेगवेगळ्या युक्त्यांची आहेत. तिवर जास्तीचं मीठ पानांतून बाहेर टाकते. पान चाटून पाहिलं तर खारट लागतं, आणि ऊन पडलं की त्यावर मिठाचे कण चमकतात. तिची श्वसनमुळं चिखलातून सरळ वर आलेली असतात, कारण त्या चिखलात हवा नसते. कांदळ खोडापासून कमानी सोडून उभा राहतो. त्याचं बी झाडावरच रुजतं. शेंगेसारखे लांब हिरवे कोंब फांद्यांना लटकतात आणि पुरेसे वाढले की सुटून चिखलात उभे रुततात, किंवा भरतीबरोबर दुसऱ्या काठाला जातात. पांढऱ्या चिप्पीची फुलं रात्री उमलतात. २०२० साली महाराष्ट्राने हिलाच राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान दिला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली कांदळवनाचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरचा घाला ठरवला. उधाणाच्या लाटेचा जोर आधी ही झाडं अंगावर घेतात, माशांची पिल्लं त्यांच्या मुळांत वाढतात, त्यामुळे राजिवड्याच्या जाळ्यात पडणाऱ्या मासळीचा हिशेब इथूनच सुरू होतो.

पूल ओलांडला की भाट्याचा किनारा, सुरूची झाडं, झरी विनायक, आणि १९५५ पासूनचं नारळ संशोधन केंद्र. ते सगळं निवांत पाहावं. मी मात्र मुखाजवळच्या वाळूवर बसलेल्या पांढऱ्या-राखी थव्याकडे वळतो. ते कुरव. त्यातले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख, तिबेट आणि मध्य आशियातल्या उंचावरच्या तळ्यांकाठी अंडी घालतात आणि थंडीसाठी आपल्या किनाऱ्यावर उतरतात. आता मात्र त्यांचं डोकं तपकिरी नसतं. विणीचा पिसारा गळालेला असतो आणि डोळ्यामागे एक गडद ठिपका तेवढा उरतो. मार्चच्या सुमाराला डोकं पुन्हा रंगू लागलं की समजायचं, परतीची तयारी सुरू झाली. लेकी दिवाळीला माहेरी येतात त्याच दिवसांत हेही येतात. कुणी मोटारसायकल थव्यात घालून सगळ्यांना उडवतं तेव्हा वाईट वाटतं, कारण हिमालय ओलांडून आलेल्या जीवाला त्या वाळूवर तासभर नुसतं बसून राहायचं असतं.

दुपारी भरती चढते, चिखल झाकला जातो. फराळ, जेवण, झोप. सड्यावर जायचं ते उन्हं कलल्यावर, चारच्या पुढे.

सडा म्हणजे डोंगराचा सपाट माथा, जांभ्या दगडाचा. मूळ काळ्या दगडाची लाखो वर्षं झीज झाली, पावसाने त्यातले विरघळणारे घटक वाहून नेले, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं आणि त्याचं हे तांबडं कवच झालं. जांभा स्पंजासारखा सच्छिद्र असतो, तो पावसाळाभर पाणी पितो आणि खालच्या वाड्यांच्या विहिरींना नि पऱ्यांना ते हळूहळू देत राहतो. शहर याच सड्याच्या कडांवर वाढलं आहे. कुवारबावचं रेल्वे स्टेशन, मिरजोळ्याची औद्योगिक वसाहत, विमानतळ, चंपक मैदान, सगळं सड्यावर. सातबारावर अशी जमीन पोटखराबा म्हणून लागते, देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात उघड्या खडकाळ जागा म्हणून. म्हणून जो कुणी येतो त्याला इथे काहीतरी उभं करावंसं वाटतं.

नव्वदच्या दशकात तसं मोठं काहीतरी उभं राहणार होतं. तांबे शुद्धीकरणाच्या कारखान्यासाठी स्टरलाइट कंपनीला रत्नागिरीत सुमारे ५०० एकर जागा मिळाली होती. बागायतदार आणि मच्छीमार रस्त्यावर आले, १९९३ साली आंदोलन पेटलं, काम थांबलं आणि प्रकल्प तमिळनाडूत तुतुकुडीला गेला. तिथे पुढे २०१८ साली आंदोलकांवर गोळीबार होऊन १३ माणसं मेली आणि कारखाना बंद झाला. अशा जागेचं पुढे काय होतं ते अमेरिकेत दिसतं. डेन्व्हर शहराला लागून रॉकी माउंटन आर्सेनल नावाची जागा आहे. १९४२ पासून तिथे रासायनिक अस्त्रं बनत. १९८६ साली तिथे गरुडांचा हिवाळी मुक्काम लक्षात आला आणि १९९२ साली कायदा करून ती जागा वन्यजीव आश्रयस्थान ठरवली गेली. तिथे आधी विष पेरलं, मग वर्षानुवर्षं निस्तरलं. रत्नागिरीच्या लोकांनी ते आधीच थांबवलं. आपल्या हातून झालेल्या या गोष्टीचा आपल्याला पुरेसा अभिमान नाही.

दिवाळीत सड्याचं गवत सोनेरी झालेलं असतं. कुसळं पायजम्यात घुसतात, त्यांना इलाज नाही. कुठे गुरांसाठी कापणी सुरू असते, भारे बांधून ठेवलेले असतात. गडग्याच्या कडेने करवंदीच्या जाळ्या, मध्येच धायटी, अंजनी. चालताना टिटवी आधी सगळ्यांना खबर देते. मग डोंबारी चंडोल दिसतात. चिमणीपेक्षा लहान, पोटाखाली काळे. उंच चढून पंख मिटून खाली पडतात आणि पुन्हा सावरून चढतात. गवतावरून अगदी खालून, पंख इंग्रजी व्हीसारखे उचलून तरंगत येणारा शिकारी पक्षी दिसला तर तो भोवत्या, मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून आलेला. गवतातले टोळ आणि उंदीर यांच्यासाठी तो एवढं अंतर कापतो. कापणी एकदम सगळीकडे झाली किंवा कुणी वणवा लावला, तर त्याला थांबायला कारण उरत नाही.

या पक्ष्यांची नोंद नवी नाही. मुलकी सेवेतला जी. डब्ल्यू. विडाल हा इंग्रज अधिकारी या जिल्ह्यात असताना पक्षी निरखत असे. दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची त्याची यादी 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात १८८० साली छापून आली. त्याच वर्षी रत्नागिरी-सावंतवाडीचं गॅझेटियरही निघालं. याच काळातल्या नोंदींत फुरशाची हकीकत येते. सड्यावरच्या सैल दगडांखाली राहणाऱ्या या हातभर विषारी सापाने रत्नागिरी जिल्ह्यात इतकी माणसं मरत की सरकारने मारलेल्या फुरशांवर बक्षीस लावलं. डिसेंबर १८६२ मध्ये आठ-नऊ दिवसांत लाखाहून अधिक फुरशी मारून आणली गेली. एका जिल्ह्यात सडा किती जिवंत होता, याचा याहून भयंकर पुरावा मिळणार नाही. फुरसं आजही आहे. सड्यावर चालताना बूट घालावेत, दगडाच्या खाचेत हात घालू नये आणि अंधारात विजेरीशिवाय फिरू नये.

त्याच दगडांखाली एक निरुपद्रवी प्राणीही राहतो. पाठीवर पांढरे पट्टे असलेली, बोटाएवढी पाल. ग्रँडिसन आणि सोमण यांनी १९६३ साली तिचं शास्त्रीय वर्णन केलं. तिचा मूळ नमुना रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावचा. दक्षिण कोकणातल्या उघड्या सड्यांपलीकडे जगात ती फारशी कुठे नाही. घराच्या भिंतीवर ती राहत नाही, तिला जमिनीवर पडलेला सैल दगडच लागतो. कुंपणाचा गडगा घालायला दगड वेचले, खड्डे भरून जमीन सपाट केली, चिरेखाण उघडली, की तिचं घर गेलं. म्हणून मुलांबरोबर सड्यावर गेल्यावर मी एकच नियम घालतो. दगड उचलायचा नाही. कुणी उचललाच तर होता तसा, त्याच खाचेत परत ठेवायचा.

वनस्पतींचं वैभव पाहायचं तर पावसात यावं लागतं. दिवाळीत त्याच्या खुणा उरतात, वाळलेली बोंडं आणि खडकाच्या बशांतलं सुकलेलं शेवाळ. पाऊस पडल्यावर पंधरा-वीस दिवसांत दिपकाडी फुलते. पांढरी, लांब नळीची फुलं, उघड्या कातळावरच्या बोटभर मातीतून वर आलेली. डॅल्झेलने एकोणिसाव्या शतकात तिला शास्त्रीय नाव देताना त्यात कोकण घातलं, आणि खरोखरच ती कोकण-गोव्याबाहेर जात नाही. श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवं जांभळी चादर घालतात. मातीत पोषण नाही म्हणून ही रोपं पाण्यातले सूक्ष्म जीव फुग्यांत ओढून घेतात. दवबिंदूच्या पानांवर चिकट थेंब, त्यावर किडे अडकतात. गेंदाच्या पांढऱ्या गुंड्या सगळीकडे. त्यातल्या एका जातीच्या शास्त्रीय नावातच रत्नागिरी आहे. साताऱ्याचं कास २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि तिथे गर्दीला आवर घालायला तिकीट नि कुंपण आलं. रत्नागिरीकराला हेच सगळं घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे.

सड्याकडे माणसाने पाहिलं त्याला मात्र विडालच्या आधीची कित्येक हजार वर्षं झाली. रत्नागिरी जिल्ह्यात ७० हून अधिक गावांच्या सड्यांवर कातळशिल्पं सापडली आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं गावोगावी हिंडले, गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारत राहिले, म्हणून ती उजेडात आली. उक्षीचा हत्ती शहरापासून तासाभराच्या आत आहे. कशेळीचा हत्ती तर सुमारे १८ मीटर लांब, आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले. बारसूला दोन वाघांच्या मध्ये माणूस उभा आहे. मासे आहेत, पाकट आहेत, आणि आज कोकणात कुठेही नसलेला गेंडाही आहे. २०२२ साली यातली सात ठिकाणं, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. मला हे सगळे सडे म्हणजे इथे कोण कोण राहत होतं त्याची खडकावरची पहिली नोंदवही वाटते. ती नोंद करणाऱ्यांनी सापळे, शस्त्रं कमी कोरली. प्राणी मात्र पूर्ण आकारात, पायापासून सोंडेपर्यंत. दिवसभर बसून घण मारत इतकं मोठं जनावर कोरायचं तर ते आधी खूप वेळ नीट पाहिलेलं असलं पाहिजे.

हत्ती, गेंडा गेले. जे उरले ते संध्याकाळी बोलू लागतात. सूर्य बुडाला की सड्याच्या उतारावरून पहिली कोल्हेकुई येते, तिला पलीकडच्या घळीतून उत्तर येतं. औद्योगिक वसाहतीतले दिवे लागलेले असतात, लांबून फटाके ऐकू येत असतात, त्या आवाजांत कोल्हे थोडे उशिरा बोलतात, पण बोलतात. कडेच्या काजूच्या बागांत मुंगूस, उदमांजर, साळिंदर, रानडुक्कर. बिबट्या इथे बातमी राहिलेला नाही. तालुक्यात कुठे ना कुठे तो कुत्र्यामागे धावताना विहिरीत पडतो आणि वनखात्याची माणसं पिंजरा सोडून त्याला वर काढतात. वानरांनी आणि डुकरांनी बागायतदार हैराण आहेत, हेही खरं. नारळ नासला, आंब्याचा मोहर झोडला गेला की वर्षाचा हिशेब कोलमडतो. ज्याच्या बागेत नुकसान होतं त्याला भरपाई वेळेत मिळाली नाही, तर त्याने वन्यजीवांवर प्रेम करावं असं शहरातल्या माणसाने सांगू नये. पण डुक्कर बागेत का उतरतं याचं उत्तर शोधताना वरचा उतार कुणी खणला, हेही पाहायला हवं.

मार्ग आहे, आणि तो कागदावर तयार आहे. जैवविविधता कायदा २००२ चा. त्यानुसार नगर परिषद असो की ग्रामपंचायत, प्रत्येकीने जैवविविधता समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची आहे. त्याच कायद्याच्या ३७व्या कलमाखाली राज्य सरकार एखादी लहानशी जागाही जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित करू शकतं. शेजारच्या सिंधुदुर्गात २०२१ साली ते झालं. आंबोलीला हिरण्यकेशीच्या मंदिरापाशी एक छोटा मासा सापडला, आणि त्या माशासाठी जेमतेम दोन हेक्टरांची जागा वारसा स्थळ ठरली. बांबर्ड्याला जायफळाच्या कुळातल्या झाडांची पाणथळ राई राखली गेली. दोन्ही ठिकाणी गावकऱ्यांचे व्यवहार बंद झाले नाहीत. रत्नागिरीच्या सड्याचा असाच एक तुकडा, गवतकापणी, गुरं आणि सायंकाळचं फिरणं सगळं चालू ठेवून, राखता येईल. गवत एकदम न कापता पट्ट्यापट्ट्यांनी कापलं, वणव्यावर लक्ष ठेवलं, राडारोडा टाकणाऱ्या गाड्या अडवल्या आणि सैल दगड जागच्या जागी राहू दिले, तर पैशाचा प्रश्न फारसा येतच नाही.

आणि नोंदवहीला तज्ज्ञाची वाट पाहायला नको. मुळे काढणाऱ्या मावशीला खाडीची, गवत कापणाऱ्याला सड्याची, कॉलेजातल्या पोरांना मोबाइलच्या कॅमेऱ्याची माहिती आहे. यंदाच्या सुट्टीत घरातल्या मुलांना एक वही द्यावी. पहिल्या पानावर तारीख, तिथी, भरतीची वेळ. मग दिसेल ते. नाव माहीत नसलं तर रंग, आकार, काय करत होतं ते. वही जूनपर्यंत चालवायची. पहिल्या चांगल्या पावसानंतर दोन-तीन आठवड्यांनी, आकाश उघडलेलं असेल त्या सकाळी, मुलांना घेऊन पुन्हा सड्यावर यायचं आणि दिपकाडी कुठे कुठे फुलली आहे ते मोजून त्याच वहीत लिहायचं. पावसातला कातळ शेवाळाने निसरडा असतो, तेव्हा रबरी चपला नकोत.